परदेशी मिशनरी कुटुंबाचं कोल्हापुरात घर लावून देताना

परदेशातून एखादं सेवक कुटुंब आपल्या चर्चच्या मंडळीत राहायला येणार म्हटलं की पंचांच्या बैठकीत हार, जेवण, स्वागताची उपासना सगळं पटापट ठरतं. त्यांचं घर कोण लावून देणार, हा विषय बैठक उठता उठता निघतो आणि महिला मंडळातल्या एकीदोघींकडे येतो. ही जबाबदारी ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कोल्हापूरला अशी कुटुंबं नवीन नाहीत. रॉयल वाइल्डर आणि त्यांची पत्नी १८५२ साली इथं आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढं अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांमध्ये मिशनकार्याची चळवळ उभी करणाऱ्यांपैकी एक झाला. पण ती पिढी मिशनच्या कंपाउंडात, बंगल्यात राहायची. स्वयंपाकी, माळी, पाणी भरणारा गडी हाताशी असायचा. आज येणारं कुटुंब दोन बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये उतरतं आणि पहिल्या सकाळी नळाला पाणी का नाही, हे विचारायलाही शेजारी कुणी ओळखीचं नसतं. आजीकडून ऐकलेल्या मडमसाहेबांच्या गोष्टी डोक्यात ठेवून तयारी केली, तर ती उपयोगी पडत नाही.

माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं आधीच सांगते. पहिला पंधरवडा सगळं आपण करायचं. पुढचे एकदोन महिने त्यांच्या शेजारी उभं राहून त्यांच्याकडून करून घ्यायचं. मग बाजूला व्हायचं. सिलिंडरसाठी, दूधवाल्याला सुटी सांगण्यासाठी, रिक्षावाल्याशी बोलण्यासाठी प्रत्येक वेळी मंडळीतल्या माणसाला फोन करावा लागणारं घर त्यांचं कधीच होत नाही. आपण प्रेमानं सगळं करत राहतो आणि ती बाई वर्षभरानंतरही पाहुणीच राहते.

पहिली पायरी: घराआधी कागद

कुटुंब कोणत्या व्हिसावर येतं आहे, हे पाळकसाहेबांनी स्वतः बघून घ्यावं. टुरिस्ट व्हिसावर येऊन मिशनरी काम करता येत नाही. मूळचे भारतीय असलेले, ओसीआय कार्ड घेऊन येणारे असतील, तरी मिशनरी कामासाठी त्यांना वेगळी परवानगी लागते. इथं ढिलाई झाली तर त्रास त्या कुटुंबालाच होतो, आणि मुलंबाळं असलेल्या घराला तो फार जड जातो.

१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना साधारणपणे आल्यापासून १४ दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. शिवाय परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. 'सी फॉर्म' म्हणतात तो हाच. बऱ्याच घरमालकांनी हे नाव ऐकलेलंही नसतं. तेव्हा मंडळीतल्या एखाद्या तरुण मुलानं लॅपटॉप घेऊन त्यांच्यासोबत बसावं आणि नोंद झाल्याची प्रत छापून फाइलला लावावी. पासपोर्ट, व्हिसा, भाडेकरार, नोंदणी आणि फोटो यांच्या चार-पाच प्रती त्याच फाइलमध्ये ठेवा. गॅस, सिमकार्ड, बँक, शाळा सगळीकडे त्या लागतात.

दुसरी पायरी: घर बघताना नदी विसरू नका

परदेशी माणसाला घर बघायला जानेवारी-फेब्रुवारीत आणलं की नदीकाठचा मोकळा परिसर फार आवडतो. झाडी, वारा, पाखरं. जुलैत तिथं काय होतं, हे आपणच सांगायचं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. दुधाळी, शुक्रवार पेठ, शाहूपुरी कुंभार गल्ली, रमणमळा, नागाळा पार्काचा खालचा भाग आणि जयंती नाल्याच्या कडेची घरं यांबाबतीत एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" हा प्रश्न शेजारच्या किराणा दुकानात विचारा. दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

पहिला किंवा दुसरा मजला बरा. तळमजल्यावर पावसाळ्यात ओल येते आणि अगदी वरच्या मजल्यावर मे महिन्यात स्लॅब तापतो. माझं मत विचाराल तर राजारामपुरीच्या गल्ल्या किंवा रुईकर कॉलनीसारखी जुनी वस्ती निवडा. शहराबाहेरच्या नव्या अपार्टमेंटमध्ये लिफ्ट असते, पार्किंग असतं, पण दारं दिवसभर बंद असतात. गल्लीत दारात बसलेल्या आजी असतात, आणि नव्या कुटुंबाला लिफ्टपेक्षा त्या जास्त उपयोगी पडतात.

घरमालकाशी सुरुवातीलाच सरळ बोला. कुटुंब ख्रिस्ती आहे, परदेशी आहे, चर्चच्या कामासाठी आलं आहे, घरात मांसाहार होईल, माणसं येत-जात राहतील. यातलं काही लपवून घर मिळालं तर ते टिकत नाही. भाड्याच्या घरात प्रार्थनासभा घ्यायची असेल तर मालकाला आधी विचारायचं. तो नाही म्हणाला तर सभा चर्चमध्ये घ्यायची, त्यावरून वाद नको.

करार लीव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणी केलेलाच हवा. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे. परदेशी माणसाकडे आधार नसल्यामुळे ऑनलाइन नोंदणी अडते, म्हणून पासपोर्ट घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जायची तयारी ठेवा. अनामत रक्कम किती आणि ती परत कधी, हे करारात लिहून घ्या.

तिसरी पायरी: ते यायच्या आधी घरात काय हवं

फर्निचरवर पैसे घालू नका, ते त्यांच्या आवडीनं घेतील. पलंग किंवा गाद्या, पंखे, खिडक्यांना मच्छरजाळी, दोन पिंप, चार बादल्या, मग, गॅसची शेगडी, कुकर, तवा, दोन-तीन पातेली, चहाचं भांडं, गाळणी, टॉर्च, मेणबत्त्या. एवढ्यावर पहिले आठ दिवस निघतात. बाथरूममध्ये टॉयलेट पेपर ठेवा. कमोड असलेलं घर मिळालं तर उत्तम. नसेल तर येण्याआधीच त्यांना कळवा, आल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

विजेचं त्यांना आधीच लिहून कळवा. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत ती १२० व्होल्टच्या आसपास. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर दोन्हीवर चालतात. चार्जरवर '१००-२४०' असं छापलेलं असतं, ते बघून घ्यायचं. पण तिकडचा मिक्सर, हेअर ड्रायर, कॉफी मशीन इथं नुसत्या पिनेच्या अडॅप्टरवर लावलं की जळतं. विमानाच्या सामानात वजन घालून ते आणण्यापेक्षा इथला मिक्सर घ्यावा. त्याच्या भांड्यात कोरडी चटणीही वाटता येते.

गॅसचं कनेक्शन मिळेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. नंतर १४.२ किलोचा नेहमीचा सिलिंडर आला की रेग्युलेटर लावणं, काढणं, रात्री बंद करणं हे घरातल्या दोघांनाही, नवऱ्यालाही, हातानं करायला लावा. वास आला तर काय करायचं, ते नीट सांगा: बटण दाबायचं नाही, ना चालू ना बंद, काडी ओढायची नाही, रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडून फोन करायचा. तिकडे अनेकांच्या घरी गॅस पाइपनं येतो किंवा शेगडी विजेवर चालते. सिलिंडर ओट्याखाली ठेवून स्वयंपाक करायचा म्हटलं की बाया घाबरतात, आणि त्यांची भीती खरी असते. तिच्यावर हसू नये.

कुकर

कुकरला वेगळी जागा देते, कारण परदेशी घरातल्या स्वयंपाकाची गाडी बहुतेक वेळा इथंच अडते. कुकर वापरता आला नाही की डाळ शिजत नाही, राजमा-हरभरे शिजत नाहीत, मटण शिजत नाही, गॅस लवकर संपतो आणि मग घर ब्रेड-अंड्यावर येतं.

मी एका ताईंना कुकर शिकवत होते तेव्हाचं चित्र डोळ्यांपुढं आहे. पहिली शिट्टी झाली आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, लेकराला मागं धरून. त्यांच्या आईनं त्यांना लहानपणापासून सांगितलं होतं की कुकर फुटतो. तेव्हा गॅस बंद केला, वाफ जाऊ दिली आणि झाकण त्यांच्या हातात दिलं. शिट्टी काढून नळीचं भोक उजेडाकडं धरून बघायला लावलं: पलीकडचं दिसतं का? दिसलं तर वाफेला वाट आहे. रबरी रिंग बोटानं फिरवून दाखवली, तडा गेला की बदलायची. सेफ्टी व्हॉल्व्ह दाखवला, वाफ जास्त झाली तर तो आपणहून वितळून वाट देतो. डाळ फेसाळते, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, बाकी काहीही असलं तरी दोन तृतीयांशाच्या वर नाही. शिट्टी आपोआप खाली बसल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. एवढं सगळं हातानं चाचपून झाल्यावर त्यांनीच पुन्हा गॅस पेटवला.

नुसतं "घाबरू नका" म्हणून भीती जात नाही. वस्तू उघडून दाखवली की जाते.

चौथी पायरी: पाणी

नव्या घराचं वेळापत्रक पाण्यावर ठरतं. आपल्या भागात नळ किती वाजता येतो, किती वेळ टिकतो, मोटर कोण लावतं, टाकी भरली की कोण बंद करतं, हे सगळं कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवा. मुख्य कॉक कुठं आहे ते दाखवा. पाणी येणार नाही असा निरोप गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मराठीत येतो, म्हणून ग्रुपमध्ये त्यांना घ्यायला लावा आणि 'पाणी येणार नाही' हे तीन शब्द ओळखायला शिकवा.

पिण्याचं पाणी फिल्टरचं असावं. फिल्टर नसेल तोवर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट राहू द्यायचं आणि झाकून गार करायचं. पहिले काही महिने दात घासायलाही तेच पाणी वापरू द्या. उसाच्या रसात बर्फ नको म्हणून सांगायला शिकवा. गंगावेशच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला कुणीतरी हौसेनं नेणारच. तिथं त्यांना जरूर न्या, गंमत बघू द्या, पण कच्चं दूध पाजू नका. ते घरी आणून उकळून द्या. कच्च्या दुधातून येणारे ताप महिनोन्महिने पिच्छा सोडत नाहीत.

साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि ते स्वच्छ पाण्यातही होतात, हे परदेशी लोकांना माहीत नसतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवून पिंप, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून घासायचा आणि कोरडा करायचा. शनिवार ठेवला तर मुलंही हाताशी असतात.

पुराच्या दिवसांसाठी वेगळी तयारी लागते. २०१९ ला उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचा नळ बंद पडला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्यामुळं दूध, गॅस, पेट्रोल सगळंच तुटलं. ज्यांच्या घरात पाणी शिरलं नाही, त्यांच्याही घरात प्यायला पाणी नव्हतं. तेव्हा जूनच्या अखेरीस घरात काय असावं, हे ठरवून द्या: झाकणाच्या कॅनमध्ये पिण्याचं पाणी, आठवड्याचा तांदूळ-डाळ, दुधाची पावडर, भरलेला जादा सिलिंडर, नेहमीची औषधं, पॉवर बँक, थोडी रोख रक्कम आणि कागदांची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत. बंधाऱ्याची पातळी दर पावसाळ्यात बातम्यांत येते. ३९ चा आकडा आला की तुम्ही त्यांना फोन करायचा, आणि खालच्या भागात राहत असतील तर ४३ ची वाट न बघता हलवायचं.

पाचवी पायरी: बाजार आणि ताट

पहिल्यांदा बाजाराला नेताना लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या गर्दीत नेऊ नका. कपिलतीर्थ मार्केटला आठवड्यातल्या एखाद्या सकाळी न्या. तुम्ही एकदा घेऊन दाखवा, नंतर पिशवी त्यांच्या हातात द्या आणि दोन पावलं मागं राहा. 'केवढ्याला?', 'अर्धा किलो', 'एवढंच', 'सुटे नाहीत'. एवढ्यावर भाजी घेता येते. भाव जास्त सांगितला गेला तरी लगेच मध्ये पडू नका. तीच भाजीवाली चौथ्या-पाचव्या वेळेला नीट भाव लावते आणि वर कोथिंबीर टाकते. तुम्ही मध्ये पडलात तर ओळख तुमची होते, त्यांची होत नाही.

तिखटाबाबत आपण कोल्हापूरकर फार घाई करतो. आलेल्या पाहुण्याला पहिल्याच आठवड्यात तांबडा-पांढरा आणि कट घातलेली मिसळ खाऊ घालून त्याचा चेहरा बघण्यात काय आनंद आहे, मला कळत नाही. पोट बिघडलं की ते कुटुंब महिनाभर आपल्या जेवणाला भितं. पांढरा रस्सा दिसतो सौम्य, पण त्यात मिरी आणि हिरवी मिरची असते, हे सांगून ठेवा. सुरुवात वरणभात, लिंबू, तूप, शाळूची भाकरी, कमी तिखटाची पालेभाजी, दही आणि गूळ अशी करा. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ एकदा शिजवून द्या, त्याचा वास घरभर पसरतो आणि मुलं नुसता भात खातात. कांदा-लसूण चटणीची बरणी द्यायचीच असेल तर चमचा किती, हे सांगून द्या.

आणि त्यांना त्यांचं जेवण करू द्या. घरी पाव भाजायला बहुतेक घरांत ओव्हन नसतो. छोटा ओटीजी घेता येतो. एखाद्या गुरुवारी त्यांच्या मुलाला त्यांच्या गावची बिस्किटं मिळाली तर त्यात सेवेला काही बाधा येत नाही. मराठी जेवण जेवतात की नाही, यावरून परदेशी कुटुंबाचा मनापासूनपणा मोजणारी माणसं मंडळीत असतात. त्यांना अडवणं हेही तुमचंच काम.

सहावी पायरी: कामाला येणाऱ्या मावशी

घरकामाला बाई ठेवायची की नाही, यावर परदेशी कुटुंबं फार अडखळतात. दुसऱ्याकडून घर पुसून घेणं त्यांना अवघड वाटतं. पण झाडू-पोछा, भांडी, कपडे, पाणी भरणं हे सगळं करून ती बाई मराठी कधी शिकणार? म्हणून ठेवावी. पगार गल्लीत चालतो तोच द्यावा. दुप्पट दिला तर शेजारच्या घरांशी तेढ येते आणि मावशींचीही इतर कामं सुटतात. कामं कोणती, वेळ कोणती, महिन्याला सुट्या किती, दिवाळीला काय, हे पहिल्या दिवशी बोलून घ्या. अनेक घरांत दिवाळीला एक पगार जादा देतात, तो द्यावा.

मावशींचा कप वेगळा ठेवायचा नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ही रीत परदेशी कुटुंबाला ठाऊक नसते आणि आपल्यातलंच कुणीतरी ती 'इथं असंच असतं' म्हणून शिकवतं. याच गावात शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात मुद्दाम थांबून चहा प्यायले. ख्रिस्ती घरात तर वेगळ्या कपाला जागाच नाही.

सातवी पायरी: मुलं

पूर्वी मिशनरी आपली मुलं कोडाईकनालच्या शाळेत पाठवायचे. ती शाळा १९०१ साली सुरू झाली ती मुख्यतः अशाच मुलांसाठी. आता बहुतेक कुटुंबं मुलांना जवळ ठेवतात, काही घरी शिकवतात, काही इथल्या इंग्रजी शाळेत घालतात. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळं शाळेत घातलेल्या मुलाला मराठी येतेच. घरी शिकणाऱ्या मुलाला संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळायला सोडा, तिथं ते लवकर शिकेल.

लहान गोऱ्या मुलाचे गाल ओढणं, उचलून फोटो काढणं हे आपल्याकडे कौतुक म्हणून होतं. मुलाला त्याचा त्रास होतो आणि आई अवघडून गप्प राहते. चर्चमध्ये तुम्हीच आधी सांगून ठेवा: विचारल्याशिवाय फोटो नाही, मूल नको म्हणालं तर उचलायचं नाही.

गल्लीतल्या कुत्र्यानं चावा घेतला किंवा ओरखडा काढला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शनला न्यायचं. सीपीआर रुग्णालय कुठं आहे हे आई-वडील दोघांनाही आधीच दाखवून ठेवा. रुग्णवाहिकेचा १०८ आणि पोलिसांचा ११२ हे नंबर पाण्याच्या वेळापत्रकाखालीच लिहा.

आठवी पायरी: दार

नवऱ्याला काम असतं, भाषेचा वर्ग असतो, सभा असतात. बायको घरात असते. तिची आई हजारो मैलांवर, बोलायला मिळते ती रात्री उशिरा. दिवसभर दाराची बेल वाजते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी अनोळखी माणूस हसत उभा असतो. आपण न सांगता जातो, त्यात आपल्याला जिव्हाळा वाटतो. तिला मात्र घरात केस मोकळे सोडून बसायचीही सोय उरत नाही. दुपारी एक ते चार बेल वाजवायची नाही, असं मंडळीत जाहीर करा. कोल्हापुरात अनेक दुकानंही त्या वेळी बंद असतात, कुणाला वावगं वाटणार नाही.

तिला एक मैत्रीण हवी. मंडळीतली असेल तर चालेल, शेजारची असेल तर अधिक बरं. ओळख करून देताना 'मॅडम' म्हणू नका. 'या आपल्या वहिनी' किंवा 'या आमच्या ताई' म्हणा, गल्लीही तेच म्हणू लागते.

गणपतीत, दिवाळीत शेजारून ताट येईल. प्रसादाचं काय करायचं, हे त्या कुटुंबानं आपल्या विवेकानं ठरवावं. पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत हाच प्रश्न आहे, पाळकसाहेबांशी बसून वाचावं. पण दारातल्या माणसाला परत पाठवायचं नाही, ताट दोन्ही हातांनी घ्यायचं आणि रिकामं परत द्यायचं नाही. नाताळात आपण करंज्या, चकल्या, नानकटाई शेजारी वाटतो. पहिल्याच नाताळाला त्या बाईंना आपल्यासोबत करंज्या करायला बसवा आणि गल्लीत ताटं घेऊन त्यांनाच पाठवा. तुम्ही बरोबर जाऊ नका.

पैशांचं शेवटचं पण महत्त्वाचं. परदेशी म्हणजे श्रीमंत, या समजुतीनं लोक घरी मागायला येतात: फी, दवाखाना, लग्न. बऱ्याच मिशनरी कुटुंबांचा खर्च तिकडच्या मंडळ्यांनी जमवून दिलेल्या ठरावीक पैशांत चालतो. मागणाऱ्याला पाळकांकडे पाठवायचं, असं एकच उत्तर सगळ्यांसाठी ठरवून द्या. मंडळीनंही जपायचं आहे. परदेशी नागरिकानं दिलेली देणगी रुपयांत असली तरी कायद्यानं ती परदेशी देणगीच धरली जाते, आणि त्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. छपरासाठी, साउंड सिस्टिमसाठी त्यांच्याकडे शब्द टाकू नका.

ते सुटीवर गेले की

दर काही वर्षांनी कुटुंब दोन-चार महिन्यांसाठी मायदेशी जातं, आणि तेव्हा बहुधा इथं पावसाळा असतो. जाण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपण लावायचं, पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा, फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवायचं, पिंपं पालथी घालायची. तांदूळ-डाळ शेजारी देऊन टाकायची, कारण परत येईतो त्यात टोके (किडे) होतात. गाद्या भिंतीपासून लांब उभ्या करायच्या, चामड्याच्या चपला आणि पुस्तकं वरच्या कपाटात ठेवायची. मावशींना निम्मा तरी पगार चालू ठेवायचा, म्हणजे त्या दुसरं काम धरत नाहीत. व्हिसाची मुदत परत येण्याच्या तारखेपुढं आहे ना, ते तिकीट काढण्याआधी बघायचं. किल्ली शेजारच्या घरी द्यायची, आणि आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायला सांगायचं. किल्ली तुमच्याकडेच हवी असा आग्रह धरू नका, शेजाऱ्यांकडे ती द्यायची त्यांना खात्री वाटत असेल तर घर नीट लागलं आहे.